रानडुकराची वंशावळ

कोष्टकात ज्या घरात सांगण्यासारखं काही नसतं, तिथे छापखान्यात एक आडवी रेघ घालतात. बाबांच्या छापखान्यातली ही रेघ चार मिलिमीटर लांब होती. त्या काळात तिथे छापलेल्या सहा पुस्तकांत मी ती मोजली आहे. फरक पडला तर केसाएवढा. बाबांच्या स्वतःच्या पुस्तकात मात्र, सत्तेचाळिसाव्या पानावरच्या कोष्टकात, चौथ्या रकान्याच्या पहिल्या घरात ही रेघ असायला हवी होती आणि ती नाही. तिच्या जागी दोन शब्द आहेत : ‘रानडुकराने मारले’.

हे दोन शब्द चुकीचे आहेत हे कळायला मला तीन आठवडे लागले. ते चुकीचे आहेत हे बाबांनी चारचौघांत म्हणायला दोन वर्षं लागली. ही गोष्ट त्या दोन वर्षांची आहे.

बाबा सातवीनंतर शाळा सोडून छापखान्यात लागले. आधी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे, पुढे मुद्रितं तपासायला लागले. शिशाचे खिळे उलटे असतात, त्यामुळे उलटं वाचन त्यांना सुलट वाचनाइतकंच जलद यायचं. पालकसभेत बाई टेबलापलीकडे बसून माझं प्रगतिपुस्तक उघडायच्या आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत बाबांचं ते वाचून झालेलं असायचं. छापखान्यात चर्चची पत्रकं यायची आणि देव न मानणाऱ्यांच्या पुस्तिकाही यायच्या. दोन्ही बाबांच्या हाताखालून जायच्या. “सकाळी देव आहे म्हणून वाचायचो, जेवणानंतर नाही म्हणून,” ते सांगतात, “आणि काना-मात्रा दोघांच्याही चुकलेल्या.”

त्या वाचनातून त्यांना एका प्रश्नाने धरलं. येशू नावाचा माणूस खरोखर होऊन गेला, की जुन्या देवांच्या कथा एकत्र करून तो घडवला गेला? अकरा वर्षं त्यांनी मिळेल ते वाचलं, वाचता यावं म्हणून एक परकी भाषा शिकले, आणि चाळिसाव्या वर्षी ‘उसनी गोष्ट’ नावाचं एकशे बत्तीस पानांचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. येशू ही ऐतिहासिक व्यक्ती नाही. अलौकिक जन्म, बारा सोबती, मरण आणि मरणातून परत येणं, सगळं आधीच्या देवांकडून उचललेलं आहे. दुसऱ्या प्रकरणात त्यांनी प्राचीन ग्रीस, रोम, इजिप्तकडच्या पाच देवांचं कोष्टक दिलं : मिथ्र, अ‍ॅडोनिस, अ‍ॅटिस, ओसायरिस, डायोनिसस. रकानेही पाच : जन्म, सोबती, चमत्कार, मृत्यू, पुनरागमन. पंचवीस घरं.

बाकीचं पुस्तक लोक विसरले, कोष्टक विसरले नाहीत. वाद घालायला निघालेला माणूस पान सत्तेचाळीस पाठ करून निघायचा. सहा आवृत्त्या झाल्या. पुढे इतर लेखकांनीही या विषयावर पुस्तकं लिहिली आणि त्यांतली नऊ बाबांच्या बाजूची होती. ती नऊ पुस्तकं बैठकीच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याला आधी दिसतील अशी लावलेली असत. “हे एक मी म्हणतोय,” बाबा पाहुण्यांना सांगत, “आणि हे नऊ जण तेच म्हणतायत. मला न विचारता.” सातवी शिकलेल्या माणसाच्या आवाजात त्या वेळी जे काही असायचं, ते मी माझ्या पदवीदान समारंभातही कोणाच्या आवाजात ऐकलं नाही.

आमच्या घरापासून तीन घरं सोडून पाद्रीकाका राहतात. बाबांपेक्षा चार वर्षांनी लहान, म्हणून त्यांना ‘दादा’ म्हणतात, पण आवाज दुप्पट. पुस्तक आलं त्याच वर्षी त्यांनी वाचनालयाच्या वरच्या सभागृहात बाबांना जाहीर वादाला बोलावलं, आणि तेव्हापासून दर वर्षी एकदा हा वाद होतो. ‘येशू : इतिहास की दंतकथा?’ अर्धा तास बाबा, अर्धा तास पाद्रीकाका, मग लोकांचे प्रश्न. खाली उतरल्यावर दोघं एकत्र चालत घरी येतात, कारण रस्ता एकच आहे. छत्तीस वर्षांत एकदाही वाद कोणी जिंकला हे ठरलेलं नाही, आणि एकदाही दोघं वेगवेगळे घरी आलेले नाहीत.

आता माझं. मी साथरोगांच्या प्रयोगशाळेत काम करते. जुलाबाची साथ आली की रुग्णांकडून आणि विहिरी-टाक्यांतून आलेल्या जिवाणूंचा आनुवंशिक मजकूर आम्ही वाचतो आणि साथ कुठून सुरू झाली ते शोधतो. यात एक गोष्ट नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगावी लागते. दोन जिवाणू सारखे दिसले म्हणून एक दुसऱ्यातून आला असं म्हणता येत नाही. एका जातीचे म्हटल्यावर सारखे असणारच. पण दोघांत एकाच जागी एकच निरुपयोगी चूक सापडली, तर मात्र नातं आहे. नातं सारखेपणावरून ठरत नाही, सामाईक चुकीवरून ठरतं.

अडीच वर्षांपूर्वी प्रकाशकबाईंनी सातव्या आवृत्तीचा विषय काढला. छापखान्याच्या जुन्या मालकांची ही मुलगी. बाबांना ‘काका’ म्हणते आणि कामात काकाबिका काही बघत नाही. तिला पुस्तक नव्याने संगणकावर जुळवून हवं होतं. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला, म्हणून ते काम मी घेतलं. घेताना एक भर घातली : कोष्टकातल्या प्रत्येक घराखाली मूळ आधार द्यायचा. बाबा खूश झाले. “दे की. लोकांना कळू दे, हवेतून काढलेलं नाही.”

प्रयोगशाळेत मी वहीला मधोमध घडी घालते. डावीकडे ‘पाहिलं’, उजवीकडे ‘ऐकलं’. इथेही तेच केलं. जुना ग्रंथ, शिलालेख, कोरीव शिल्प यात एखादी गोष्ट मला स्वतःला किंवा ते प्रत्यक्ष वाचणाऱ्या तज्ज्ञाच्या भाषांतरात दिसली तर डावीकडे. कोणीतरी लिहिलंय की कोणीतरी म्हटलंय, असं असलं तर उजवीकडे. पहिल्याच ओळीत अडकले. मिथ्र खडकातून जन्मला : डावीकडे, शिल्पंच्या शिल्पं आहेत. मिथ्राचे बारा सोबती : काहीच नाही, त्याच्याभोवती बारा राशी कोरलेल्या असतात, त्या बहुधा कोणीतरी माणसं म्हणून मोजल्या. आणि मिथ्राला रानडुकराने मारलं : डावीकडे नाही, उजवीकडे नाही, कुठेच नाही. मिथ्राच्या मृत्यूची कथाच कोणाला माहीत नाही. रानडुकराने मारला जातो तो अ‍ॅडोनिस.

अ‍ॅडोनिसच्या घरात पाहिलं तर तिथे पाइनच्या झाडाखालचं मरण होतं. ते अ‍ॅटिसचं. अ‍ॅटिसच्या घरात देहाचे चौदा तुकडे. ते ओसायरिसचे. ओसायरिसच्या घरात टायटन नावाच्या राक्षसांनी फाडून खाल्लं. ते डायोनिससला. आणि डायोनिससच्या घरात काहीच नाही, कोरी जागा.

बाबांचं हस्तलिखित आईच्या कपाटात, चादरींच्या खाली होतं. त्यात मिथ्राच्या मृत्यूच्या घरात, पट्टीने आखावी तशी, एक आडवी रेघ होती. म्हणजे बाबांनी बरोबर लिहिलं होतं. त्या काळी कोष्टक उभं, रकान्यामागून रकाना असं जुळवायचे. फर्मा बांधताना, म्हणजे जुळवलेलं पान चौकटीत आवळताना, रेघेचा तो एक खिळा निसटला असणार, आणि सगळं मरण एकेक घर वर सरकलं. अक्षर एकही चुकलेलं नव्हतं. त्यामुळे मुद्रित तपासणाऱ्याला चूक दिसण्याचं कारणच नव्हतं, तपासणारा हस्तलिखित शेजारी ठेवून ओळ ओळ ताडून पाहणारा असल्याशिवाय. आणि तपासणारे होते बाबा. स्वतःचं मुद्रित स्वतः तपासू नये, हे छापखान्यातल्या प्रत्येक नव्या माणसाला त्यांनीच शिकवलं होतं. पण हे पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं, आणि ते दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला त्यांचं मन झालं नव्हतं.

एवढ्यावर थांबले असते तर रेघ परत घालून काम संपलं असतं. पण हाताला सवय असते. मी बैठकीच्या खोलीत गेले आणि ती नऊ पुस्तकं खाली काढली.

नऊच्या नऊ पुस्तकांत मिथ्राला रानडुकराने मारलं होतं.

मी ते बाबांना एका सकाळी, चहा झाल्यावर सांगितलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. टेबलावर हस्तलिखित, पहिली आवृत्ती आणि नऊ पुस्तकं मांडली. बाबांनी भिंग घेतलं आणि रेघेवर धरलं, मग छापील घरावर धरलं. बराच वेळ हे चाललं.

“निसटली,” ते म्हणाले. “दोन नंबरच्या टेबलावर बांधलाय हा फर्मा. त्या टेबलाचा एक पाय आखूड होता.” मग हसले. “सहा आवृत्त्या! मी दुसऱ्याचा अनुस्वार सोडला नाही आयुष्यात.”

आई भाजी निवडत होती. “म्हणजे पस्तीस वर्षं घरात डुक्कर पाळलंत आणि तुम्हाला पत्ता नाही,” ती म्हणाली. “आम्ही साधी मांजर आणायची म्हटलं तर किती चौकशा.”

बाबा आणखी हसले. मग मी पहिलं पुस्तक उघडून पुढे केलं. मग दुसरं. तिसऱ्यापर्यंत त्यांचं हसू होतं. पाचव्याला त्यांनी भिंग खाली ठेवलं. सांगायची गरज नव्हती तरी मी सांगितलं, कारण अर्धं सांगणं मला जमत नाही.

“बाबा, ही चूक दुसऱ्या कुठल्याही जुन्या पुस्तकात नाही. ती आपल्या टेबलावर जन्मली. म्हणजे या नऊ जणांनी मूळ काही पाहिलेलं नाही. त्यांनी तुमचं कोष्टक पाहिलंय, किंवा तुमचं पाहणाऱ्याचं. हे नऊ नाहीत.”

“एकच आहे,” बाबा म्हणाले.

“एकच.”

“आणि बाकीची घरं? तू वहीत काय काढलंस?”

“पंचवीसपैकी दहा पाहिली. पंधरा ऐकलेली किंवा निराधार आहेत. तुम्ही ज्या परक्या ग्रंथातून घेतलीत तो मी मागवला. त्यात आधार दिलेला नाही. त्यानेही कोणाकडून तरी ऐकलंय.”

“म्हणजे मी म्हणत होतो की त्यांनी गोष्ट उसनी घेतली,” बाबा सावकाश म्हणाले, “आणि उसनं तर...”  पुस्तकं एकावर एक रचली. वरच्या पुस्तकाची कड खालच्याशी जुळेपर्यंत ढकलत राहिले.

“हे तू कोणाला सांगू नकोस,” ते म्हणाले. “लपवायला नाही म्हणत. सांगायचं तर मी सांगेन.”

“कधी?”

“बघू.”

हे ‘बघू’ दोन वर्षं चाललं. प्रकाशकबाईंचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊ दे. थंडी सरू दे. प्रस्तावना नवी लिहायचं मनात आहे. आई फोनवर हात ठेवून त्यांच्याकडे नुसती बघायची. एकदा ती म्हणाली, “अहो, नुसतं एक पान काढायचंय, मूल दत्तक नाही द्यायचं.” बाबा म्हणाले, “तुला काय माहीत कशाला काय म्हणतात.” त्या आठवड्यात ते एकमेकांशी जेवणापुरतंच बोलले.

मला त्यांचं कळत होतं. आमच्या रस्त्यावर डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, आणि त्या सगळ्यांच्या घरात बाबांचं पुस्तक आहे. लोकांनी त्यांना ‘सर’ म्हणायला सुरुवात केली ती त्या कोष्टकामुळे. ज्या माणसाने शाळेचं तोंड तेरा वर्षांचा असताना शेवटचं पाहिलं, त्याला. चूक मान्य करणं हा प्रयोगशाळेत माझ्या कामाचा भाग आहे. माझ्या दोन निबंधांना शुद्धिपत्रं जोडलेली आहेत आणि माझं काही बिघडलं नाही. पण माझ्यामागे विद्यापीठ आहे. बाबांच्या मागे ती नऊ पुस्तकं होती. ती अजून तिथेच होती, दारासमोर, फक्त आता ते पाहुण्यांना दाखवत नव्हते.

आणि एक गोष्ट त्यांना टोचत होती. तेवीस वर्षांपूर्वीच्या वादात पाद्रीकाका उभे राहून म्हणाले होते, की ते दर वर्षी एका प्राचीन ज्यू इतिहासकाराचा येशूबद्दलचा उतारा वाचून दाखवतात. पण त्या उताऱ्यात पुढच्या काळातल्या कोणा भाविकाने आपले शब्द घुसवलेत असं अभ्यासकांचं मत आहे, त्यांनी स्वतः ते नीट तपासलं आणि त्यांना ते पटलं. “आजपासून मी तो उतारा जसाच्या तसा वाचणार नाही,” ते म्हणाले. “दादांना माझ्याविरुद्ध वापरता येईल म्हणून आधीच सांगून टाकतो.” सभागृहात कोणीतरी शिट्टी वाजवली. मी तेव्हा कॉलेजात होते, पुढच्या रांगेत. त्या दिवशी घरी येताना बाबा पाद्रीकाकांच्या अर्धं पाऊल मागून चालले, आणि रात्री जेवताना अचानक म्हणाले, “माणूस आहे हो तो.” आई म्हणाली, “आम्हाला वाटलं होतं घोडा आहे.” पण मला कळलं होतं.

या वर्षीचा वाद रविवारी दुपारी होता. बाबांनी धुतलेला शर्ट घातला, दोनदा बटणं लावली. वाटेत माझ्या दंडाला धरून चालत होते. डोळे आता नीट होते. तरी धरलं होतं.

“प्रकाशकबाई येणार आहे,” मी म्हणाले.

“माहीत आहे. छापायला टाकते म्हणाली पुढच्या महिन्यात. आहे तसं.” थोडं चालून म्हणाले, “वही आणलीस का तू?”

“पर्समध्ये आहे.”

“राहू दे तिथेच.”

सभागृह भरलं होतं, सत्तरएक माणसं. लोखंडी घडीच्या खुर्च्या, आणि मागच्या खिडकीची एक झडप दर वाऱ्याला आपटणारी. पाद्रीकाका आधी बोलले. वय झालं तरी आवाजाला काही झालेलं नव्हतं. या वर्षी त्यांनी मांडणी साधी ठेवली. येशूच्या मृत्यूनंतर पंचवीसएक वर्षांत लिहिलेल्या पत्रात, येशूचा सुरुवातीचा प्रचारक पौल सांगतो, की मी येशूच्या भावाला भेटलो. “दंतकथेला भाऊ नसतो,” पाद्रीकाका म्हणाले. “असला तर तो पत्त्यावर सापडत नाही. त्याच्याशी पौलाचं वाजलंही. न झालेल्या माणसाच्या घरच्यांशी कोण भांडतं?” लोक हसले. “एक माणूस होता आणि त्याला क्रुसावर दिलं, एवढं बहुतेक इतिहासकार मान्य करतात, माझ्या धर्माचे नसलेलेही. तिसऱ्या दिवशी काय झालं, तो इतिहासाचा भाग म्हणून मी तुमच्यापुढे ठेवत नाही. तो माझ्या श्रद्धेचा भाग आहे. दादांनी दोन्ही एकाच मुसळाने कुटू नये.”

मग बाबांची पाळी. ते बोलले, पण त्यांच्यासारखे नाहीत. गोष्टी माणसाभोवती कशा जमतात, यावरचं चौथं प्रकरण सांगितलं, चांगलं सांगितलं. कोष्टकाचं नाव काढलं नाही. मी मोजत होते. बावीस मिनिटांत खाली बसले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा आठ मिनिटं शिल्लक.

प्रश्नांच्या वेळी वकील उठले. वकील बाबांचे जुने चाहते. उंच, काळ्या कोटाची सवय असल्यामुळे रविवारीही खांदे ताठ. त्यांच्या हातात पिशवी होती. पिशवीतून त्यांनी एकेक पुस्तक काढून टेबलावर ठेवायला सुरुवात केली. तिसऱ्या पुस्तकाला मी ओळखलं. तीच नऊ. स्वतःच्या प्रती आणल्या होत्या त्यांनी.

“सरांनी आज संकोचाने आपलं मुख्य हत्यार काढलं नाही,” वकील म्हणाले. “मी काढतो. कोर्टात दोन साक्षीदार पुरतात. मी नऊ आणलेत. नऊ लेखक, वेगवेगळ्या गावांचे, एकमेकांना न ओळखणारे. सगळे सांगतात तेच : मिथ्राचे बारा सोबती, त्याचं रानडुकराकडून मरण, त्याचं परत येणं. पाद्रीसाहेब, तुमचा एक भाऊ विरुद्ध माझे नऊ.”

टाळ्या पडल्या. पाद्रीकाकांनी त्या थांबू दिल्या.

“वकीलसाहेब, मी मिथ्राबद्दल फार वाचलेलं नाही,” ते म्हणाले. “पण जे वाचलं त्यात ते रानडुक्कर मला दिसलं नाही. हे नऊ जणांना कुठल्या शिलालेखात दिसलं, तेवढं सांगा. मी शिकायला तयार आहे.”

“नऊ माणसं एकच खोटं कशाला बोलतील?”

पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा मोठ्या. पाद्रीकाका खाली बसले. छत्तीस वर्षांत मी त्यांना असं मध्येच बसताना पाहिलं नव्हतं, आणि सभागृहातल्या प्रत्येकाने ते पाहिलं. कोणीतरी मागून ओरडलं, “सर जिंकले!”

माझा हात पर्सच्या चेनवर होता. मी ती उघडली नाही. मला तेव्हा दोन गोष्टी एकदम कळल्या. बाबांनी आता नुसतं बसून राहायचं ठरवलं, तर हा वाद कायमचा त्यांचा. आणि ते बसून राहिले, तरी मी पर्स उघडणार नाही. सांगायचं तर ते सांगणार, असा शब्द होता. तो शब्द पाळताना मला त्यांच्याबद्दल काय काय विसरावं लागणार आहे, याची मी मनात यादी करायला लागले होते. यादी लांब होती. शिशाने काळी पडलेली बोटं होती तिच्यात, आणि माझ्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं चुकलेलं समीकरण, जे त्यांना समजत नव्हतं तरी दोन पानं शेजारी ठेवून त्यांनी पकडलं होतं.

बाबा उठले. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले, माइककडे गेले नाहीत.

“वकीलसाहेब, ती पुस्तकं इकडे द्या जरा,” ते म्हणाले.

वकिलांनी आनंदाने दिली. बाबांनी सगळ्यांत वरचं उघडलं, पान शोधायला लागलं नाही, आणि वाचल्यासारखं केलं. मग मिटलं.

“हे नऊ साक्षीदार नाहीत,” ते म्हणाले. “साक्षीदार एकच आहे. तो मी. आणि मला ते रानडुक्कर दिसलेलं नाही.”

खिडकीची झडप आपटली. कोणीतरी उठून ती धरून ठेवली.

“माझ्या हस्तलिखितात मिथ्राच्या मृत्यूपुढे रेघ होती. म्हणजे, माहीत नाही. फर्मा बांधताना ती रेघ पडली. मी बांधला होता. खालचं सगळं वर चढलं आणि अ‍ॅडोनिसचं डुक्कर मिथ्राच्या घरात शिरलं. मुद्रित मीच तपासलं, मूळ कागद शेजारी न ठेवता. या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही. या नऊ जणांनी ते माझ्याकडून घेतलं. बिचाऱ्यांनी विश्वास ठेवला. नऊ पुस्तकांतलं ते रानडुक्कर माझं आहे. त्याचं खानदान माझ्यापासून सुरू होतं.”

पहिलं हसू पाद्रीकाकांचं होतं, मोठं, पोटातून आलेलं. मग सगळे हसले. वकील हसले नाहीत.

“पण सर,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुखलेपण होतं, “एक घर चुकलं म्हणून काय झालं? बाकी चोवीस आहेत.”

“चोवीसांतली चौदा ऐकीव किंवा निराधार आहेत. माझ्या मुलीने तपासलं.” बाबांनी माझ्याकडे बोट केलं नाही, नुसतं मान वळवून पाहिलं. “दोन वर्षांपूर्वी. दोन वर्षं मी तिला गप्प बसवलं. तिने मला एक सांगितलं होतं : सारखं दिसलं म्हणून उसनं ठरत नाही, एकाची चूक दुसऱ्यात सापडली तर ठरतं. मी आयुष्यभर येशूच्या गोष्टीत दुसऱ्याची चूक शोधत राहिलो. सापडली ती या नऊ जणांत, माझी.”

“म्हणजे तुम्ही पाद्रीसाहेबांचं मान्य केलंत,” मागून कोणीतरी म्हणालं.

“छे!” बाबा म्हणाले, आणि त्या एका अक्षरात त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. “त्यांचं मी का मान्य करू? माणूस होता, हे मी आता तपासून बघेन. तो भाऊ मला त्रास देतोय, खोटं कशाला बोलू. पण माणूस असणं वेगळं आणि मेलेला उठणं वेगळं. त्यावर मी पुढच्या वर्षी भांडायला येणारच आहे. फक्त स्वतः पाहिलेलं घेऊन येईन. कमी असेल, पण माझं असेल.”

पाद्रीकाका उठून उभे राहिले होते. टाळी वाजवत नव्हते, नुसते उभे होते, जसे ते चर्चमध्ये कोणी म्हातारं माणूस आत आलं की उभे राहतात. मग पुढच्या रांगेतली डॉक्टरीणबाई उठली. मी पर्सच्या चेनवरचा हात काढला. हा माणूस माझा बाप आहे, एवढंच एक वाक्य माझ्या डोक्यात होतं, आणि त्याला आधार शोधायची मला गरज वाटली नाही.

शेवटच्या रांगेतून प्रकाशकबाई हात वर करून म्हणाली, “काका, मग मी छापायचं काय? आज सांगाच. दोन वर्षं झाली.”

बाबांनी खुर्चीची पाठ सोडली.

“दुसरं प्रकरण मी मागे घेतो,” ते म्हणाले. “सातवी आवृत्ती त्याच्याशिवाय काढ, आणि ते का वगळलं हे पहिल्या पानावर माझ्या नावाने छाप.”